कांचेच्या टांकींतील वलगण : मिशीवाल्या माशांचें घरगुती पालन व पैदास

मृगाचा पाऊस जोरानें पडूं लागला म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील भातशेतकऱ्याच्या घरीं दोन कामांची एकदम धांदल उडते. एक राबांतील पेरणीची व दुसरी वलगणीची. नदीचें गढूळ पाणी चढूं लागतें, ओहोळ भरून वाहतात, आणि उन्हाळाभर डोहांत दडून राहिलेले मासे अंडीं घालण्याकरितां प्रवाहाच्या उलट दिशेनें थेट भातखाचरांपर्यंत चढून येतात. टिटवाळ्याच्या आसपास काळू नदीच्या कांठीं राहणाऱ्या लोकांस हा प्रकार वर्णन करून सांगावयास नको. परंतु याच वलगणीचें मर्म ध्यानीं घेऊन कांचेच्या टांकींत माशांची पैदास करतां येते, व त्यांतून परसांतल्या परसांत एक नीटनेटका जोडधंदा उभा राहूं शकतो, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. त्यांतही जे मासे पाण्याच्या तळाशीं वावरतात, ज्यांच्या तोंडाला मिशा असतात, व ज्यांस हल्लीं मांजरमासे म्हणतात, त्यांच्याविषयीं प्रस्तुत लेखांत लिहिण्याचें योजिलें आहे.

हा विषय केवळ हौसेचा आहे असें कोणीं समजूं नये. टिटवाळा हें कसाऱ्याच्या मार्गावर कल्याणपुढील तिसरें स्थानक. मांडा-टिटवाळा आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दींत असून, जेथें खाचरें होतीं तेथें पुष्कळ ठिकाणीं इमारती उभ्या आहेत. ज्यांच्या आजोबांच्या नांवावर एकर होते त्यांच्या सातबाऱ्यावर आतां गुंठे उरले आहेत. या गुंठ्यांचें करावें काय, हा प्रश्न घरोघरीं आहे. त्यास माशांच्या रूपानें दोन उत्तरें पुढें येतात. एक, खड्डा खणून त्यांत झटपट वाढणारा परदेशी मांगूर सोडणें. दुसरें, पडवींत किंवा शेडमध्यें टांक्या मांडून शोभेचे लहान मासे तयार करणें. पहिलें उत्तर कायद्यानें निषिद्ध व शेजाऱ्यापाजाऱ्यांस घातक आहे; दुसरें कष्टाचें पण निर्वेध आहे. दोहोंमधील अंतर वाचकांस नीट दिसावें, हाच या लेखाचा हेतु.

मिशीवाले मासे कोणते?

या वर्गांतील माशांच्या तीन हजारांहून अधिक जाती जगांत आहेत. यांच्या अंगावर खवलें नसतात. कांहींच्या अंगावर खवल्यांच्या ऐवजीं हाडांच्या पट्ट्या असतात. मिशा या केवळ शोभेच्या नव्हत. त्यांच्या योगें मासा चिखलांत व अंधारांत चव घेतो आणि वाट चांचपतो. आंधळ्याची काठी व जेवणाऱ्याची जीभ हीं दोन्हीं कामें एक मिशी करते, असें म्हटल्यास चालेल.

आपल्याकडील मागूर, शिंगी, शिंगटी व शिवडा हे सर्व याच कुळांतले. पैकीं शिवडा मोठा व खादाड; त्याचें घरच्या टांकींत काम नाहीं. मागूर व शिंगी यांची मौज अशी कीं, त्यांस कल्ल्यांखेरीज हवेंतून श्वास घेण्याचें निराळें साधन असतें. मागुराच्या कल्ल्यांमागें झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो. शिंगीच्या पाठीच्या बाजूनें दोन लांब नळ्या शेंपटीकडे गेलेल्या असतात. त्यामुळें खाचरांतलें पाणी आटून चिखल उरला तरी हे मासे जगतात, आणि ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या डबक्यांत जातात. शिंगीच्या छातीच्या कांट्यांत मात्र विष असतें. कांटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यांत बुडवून ठेवावा व लागलीच डॉक्टरास दाखवावें. ज्या घरांत लहान मुलें टांकींत हात घालतात तेथें शिंगी ठेवूंच नये.

आपला मागूर हा एके काळीं भातखाचरांत सहज मिळत असे. आतां जागतिक निसर्गसंरक्षण संघानें त्याची गणना धोक्यांत आलेल्या जातींत केली आहे. बिहार राज्यानें तर मागुरास आपला राज्यमासा ठरविलें आहे. टांकींत तो ठेवावयाचा तर टांकी मोठी व तिच्यावर झांकण घट्ट पाहिजे. नाहींतर रात्रीं मासा बाहेर पडून सकाळीं माळ्याखालीं सांपडावयाचा. टांकींत तो आपण होऊन अंडीं घालीत नाहीं. मत्स्यबीज केंद्रांत त्याची पैदास करितांना मादीस संप्रेरकाची सुई टोंचतात, व नराचें वीर्य बाहेरून काढतां येत नसल्यामुळें नर मारून त्याचे वृषण काढावे लागतात. हें काम शिकलेल्या माणसाचें आहे, पडवींतलें नव्हे.

घरगुती पैदाशीस योग्य अशा जाती दक्षिण अमेरिकेंतल्या आहेत. त्यांत पहिली कोरिडोरास. दोन-अडीच इंचांचा, चिलखत घातल्यासारखा दिसणारा, कळपानें राहणारा व कोणास न दुखविणारा हा मासा आहे. कांसवी रंगाचा व ठिपक्यांचा असे त्याचे दोन प्रकार बाजारांत नेहमीं मिळतात. ठिपक्यांच्या जातीचे नमुने डार्विन यानें आपल्या बीगल जहाजाच्या सफरींत गोळा केले होते, व 1842 सालीं त्यांवरून तिचें शास्त्रीय वर्णन झालें. पुढें 1870 नंतरच्या दशकांत पॅरिस येथें कार्बोनिये नांवाच्या गृहस्थानें या माशाची टांकींत पैदास केली. म्हणजे सुमारें दीडशें वर्षें ही विद्या चालत आली आहे.

दुसरी जात अँसिस्ट्रस, म्हणजे नाकावर मांसल तंतूंचें झुबकेदार केसर असलेला कांच चाटणारा मासा. हा पांच इंचांच्या आसपास वाढतो. याच्यासारखाच दिसणारा, पण दीड फुटापर्यंत वाढणारा दुसरा एक मासा ‘सकर’ या नांवानें दुकानांत विकतात. त्याच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे. विकत घेतांना दोहोंचा घोटाळा होऊं देऊं नये. सकराच्या पाठीवरील पर शिडासारखा उंच असतो, अँसिस्ट्रसचा आंखूड असतो, हें लहानपणींही ओळखतां येतें.

याशिवाय काँगो नदींतला उलटा पोहणारा मासा व अंगांतून आरपार दिसणारा थायलंडचा कांचमासा हेही हौशी लोक ठेवतात. परंतु टांकींत त्यांची पैदास कठीण आहे. आफ्रिकेंतील टांगानिका सरोवरांतला एक मिशीवाला मासा तर कोकिळेचा धडा गिरवतो. तोंडांत अंडीं उबविणाऱ्या दुसऱ्या माशांच्या अंड्यांत तो आपलीं अंडीं मिसळून देतो. पिलें फुटलीं म्हणजे तीं पालकाच्याच तोंडांत पालकाचीं अंडीं खाऊन वाढतात. निसर्गाच्या दप्तरांत अशीं प्रकरणें पुष्कळ आहेत. असो.

टांकीचें मोजमाप

महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसास मोजणीची सवय असते. ती येथें फार उपयोगी पडते. टांकीची लांबी, रुंदी व उंची इंचांत मोजून तिहींचा गुणाकार करावा व त्यास 61 नें भागावें. म्हणजे किती लिटर पाणी मावतें तें कळतें. चोवीस इंच लांब, बारा इंच रुंद व पंधरा इंच उंच अशा टांकींत सुमारें 70 लिटर पाणी मावतें. वाळू व वरची मोकळी जागा वजा जातां प्रत्यक्ष 55 ते 60 लिटर धरावें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. तेव्हां भरलेली टांकी डगमगत्या मेजावर ठेवूं नये. लोखंडी घोडा किंवा विटांचा ओटा करून त्यावर थर्माकोलचा पत्रा घालावा व मग टांकी मांडावी.

दुसरी गोष्ट अशी कीं, तळाशीं राहणाऱ्या माशांस टांकीची उंची उपयोगी नाहीं, क्षेत्र उपयोगी आहे. जमीन जशी आपण क्षेत्रावरून मोजतों, आभाळावरून मोजीत नाहीं, तसेंच हें आहे. उंच व अरुंद टांकी दिवाणखान्यांत शोभते. पण पैदाशीस आडवी व पसरट टांकी चांगली. वर सांगितलेल्या दोन चौरस फूट तळाच्या टांकींत सहा कोरिडोरास सुखानें राहतात. सहांपेक्षां कमी ठेवूं नयेत. एकटा पडलेला हा मासा कोपऱ्यांत दडून बसतो व खात नाहीं.

तळाशीं नदीची गोल कणांची बारीक वाळू धुऊन एक-दीड इंच घालावी. हल्लीं बांधकामावर जी दगड भरडून केलेली वाळू मिळते ती घालूं नये. तिच्या धारेनें माशांच्या मिशा झिजतात, जखमांत कीड पडते व मासा उपाशी मरतो. मिशा आंखूड झालेला मासा दिसला कीं, तळाची वाळू तपासावी.

पाणी

नळाच्या पाण्यांत क्लोरिन असतें. तें उघड्या पिंपांत एक दिवस ठेवून वापरावें, किंवा दुकानांत मिळणारें क्लोरिन मारणारें औषध योग्य प्रमाणांत टाकावें. विंधणविहिरीचें पाणी आपल्याकडील काळ्या पाषाणांतून येतें. तें पुष्कळदां जड असतें. जड पाण्यांत मोठे मासे जगतात, पण अंडीं नीट फुटत नाहींत. याला सोपा उपाय पावसाचें पाणी. पहिल्या चार-सहा सरींनीं कौलें किंवा पत्रे धुऊन निघाले म्हणजे पुढील पाणी स्वच्छ पिंपांत धरावें व झांकून ठेवावें. खाचरांतलें किंवा ओहोळांतलें पाणी मात्र टांकींत घालूं नये. शेजारच्या वाफ्यावर फवारलेलें कीटकनाशक माणसाच्या डोळ्यांस दिसत नाहीं, पण माशास तें तत्काळ मारतें.

नव्या टांकींत पहिल्याच दिवशीं मासे सोडणें म्हणजे न नांगरलेल्या जमिनींत बीं टाकण्यासारखें होय. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया होतो व तो विषारी असतो. वाळूंत व गाळणींत एका प्रकारचे जीवाणू वाढतात; ते अमोनियाचें नायट्राइट व दुसरे त्याचें नायट्रेट करतात. शेतांत युरियाचें जें होतें तेंच येथें होतें. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर टांकीत गाळणी चालू ठेवून चिमूटभर अन्न टाकीत जावें, अथवा दुसऱ्याच्या जुन्या टांकींतला स्पंज मागून आणावा. स्पंजची गाळणी व एक हवेचा लहान पंप एवढें यंत्रसाहित्य पुरतें. स्पंज नळाखालीं कधीं धुऊं नये. टांकींतूनच काढलेल्या पाण्यांत पिळावा, म्हणजे जीवाणू मरत नाहींत. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें.

आमच्याकडे हिवाळ्याच्या कांहीं रात्री सोडल्या तर पाणी तापविण्याचें यंत्र लागत नाहीं. उलट एप्रिल-मेमध्यें पत्र्याच्या शेडमध्यें पाणी तीस अंशांच्या वर जातें, तें वाईट. कोरिडोरासास 22 ते 26 अंश मानवतें; ठिपक्यांच्या जातीस त्याहूनही थोडें गार. म्हणून शेडवर गवत किंवा झावळ्या पसराव्या व उत्तरेकडून वारा खेळूं द्यावा.

खाणें

तळाशीं राहणारा मासा दुसऱ्यांचें उष्टें व घाण खाऊन राहतो, ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायीं हजारों मासे उपाशी मरतात. त्यास तळाशीं बुडणारें असें निराळें खाणें संध्याकाळीं घातलें पाहिजे. शेतकऱ्यास याची अडचण नाहीं. ज्याच्या परसांत गांडूळखताचा वाफा आहे त्याच्या घरीं उत्तम खाद्य फुकट तयार होतें. गांडूळ स्वच्छ पाण्यांत रात्रभर ठेवून, पोट रिकामें झाल्यावर बारीक चिरून द्यावें. दुकानांतले लाल किडे गटाराजवळच्या गाळांतून येतात. ते वाहत्या पाण्यांत पुनःपुन्हां धुतल्यावांचून देऊं नयेत. अँसिस्ट्रस मुख्यतः शाकाहारी आहे. त्यास काकडीची चकती, उकडलेला दुधी किंवा पालक, व चघळण्यास टांकींत लाकडाचा एक जुना, पाण्यांत मुरलेला ओंडका लागतो. उरलेलें खाणें सकाळीं काढून टाकावें.

वलगण आणावी कशी?

आतां मुख्य विषयाकडे वळूं. नदीचा मासा कोणता संकेत पाहून अंडीं घालतो? उन्हाळ्याच्या शेवटीं पाणी कमी, जड व कोमट झालेलें असतें. नंतर आभाळ भरून येतें, हवेचा दाब उतरतो, व गार, मृदु पावसाचें पाणी एकाएकीं मिसळतें. पिलांस खाणें पुरेल असे दिवस आतां आले, हें माशाचें शरीर या बदलावरून ओळखतें. आमच्या नद्यांतील मासा जें करतो तेंच दक्षिण अमेरिकेंतला कोरिडोरास करतो. कारण तेथेंही कोरडा व पावसाळी असे ऋतु आहेत. पाळणारानें हे दोन ऋतु टांकींत क्रमानें आणावयाचे, इतकेंच.

कृति अशी. एक वर्षाचे, भरलेल्या अंगाचे मासे निवडावे. वरून पाहिलें असतां मादी रुंद व गोल दिसते, नर सडपातळ दिसतो. एका मादीस दोन नर या मानानें कळप ठेवावा. दोन आठवडे भरपूर व उत्तम खाणें द्यावें, आणि या मुदतींत पाणी नेहमींपेक्षां कमी बदलावें. हा झाला उन्हाळा. मादीचें पोट फुगलें म्हणजे एके दिवशीं संध्याकाळीं निम्मे पाणी काढून, तितकेंच पावसाचें पाणी टांकीपेक्षां तीन-चार अंश गार करून हळूहळू घालावें. हवेचा पंप थोडा वाढवावा. हा झाला मृग. एका दिवसानें कांहीं न घडल्यास दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीं तसेंच करावें. खरा पाऊस पडत असतांना, विशेषतः गडगडाटाच्या दिवशीं, हा उपाय लवकर लागू पडतो असा पाळणारांचा अनुभव आहे. या बाबतींत टिटवाळ्याचा पावसाळा आपला भागीदारच समजावा.

कोरिडोरासाचें अंडीं घालणें पाहण्यासारखें असतें. नर आडवा राहतो व मादी त्याच्या पोटाशीं तोंड लावते. मादी नराचें वीर्य तोंडानें घेते व तें आंतड्यांतून जाऊन अंड्यांपर्यंत पोंचतें, असें जपानी संशोधकांनीं 1995 सालीं कांसवी कोरिडोरासावर प्रयोग करून दाखविलें. नंतर ती पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यांत दोन-चार अंडीं धरते, कांचेवर जागा साफ करते व तेथें तीं चिकटविते. असें अनेक वेळां होऊन शंभराहून अधिक अंडीं पडतात.

अंडीं पडल्यावर आईबाप तींच खातात. म्हणून तीं बोटानें अलगद सरकवून वेगळ्या लहान टांकींत न्यावीं. पाणी त्याच टांकींतलें घ्यावें, त्यांत हवेचे बारीक बुडबुडे सोडावे व देशी बदामाचें एक वाळलेलें पान टाकावें. या पानाच्या रसानें पाणी तांबूस होतें व बुरशी कमी लागते. पांढरीं पडलेलीं अंडीं रोज काढावीं, नाहींतर त्यांची बुरशी चांगल्या अंड्यांस धरते. तीन ते पांच दिवसांत पिलें फुटतात. पहिले दोन-तीन दिवस तीं पोटाशीं असलेल्या बलकावर राहतात. तोंवर खाणें घालूं नये.

अँसिस्ट्रसची रीत निराळी. त्यास बांबूची पेरी, मातीची नळी किंवा फुटक्या कौलाची गुहा करून द्यावी. मादी आंत अंडीं घालून निघून जाते. नर दारांत बसून परांनीं पाणी हालवितो, बुरशी लागलेलीं अंडीं काढतो व पिलें बाहेर पडेपर्यंत राखण करतो. या मुदतींत तो जवळ जवळ उपाशी असतो. त्यास हात लावूं नये. ज्यास पहिल्यानेंच धंदा करावयाचा त्यानें या जातीपासून आरंभ करावा. अपयश कमी येतें.

पिलांची जोपासना

खरी परीक्षा येथें आहे. अंडीं मिळविणें सोपें, पिलें जगविणें अवघड. कोरिडोरासाचें पिलूं खालीं तळावर राहतें. तळ घाण झाला कीं तें मरतें. म्हणून पिलांच्या टांकींत वाळू अगदीं पातळ किंवा मुळींच घालूं नये, पाणी सहा इंचांहून खोल ठेवूं नये, व रोज बारीक नळीनें तळ शोषून घेऊन तितकेंच पाणी भरावें. कोरिडोरास अधूनमधून वर येऊन हवा गिळतो व आंतड्यांतून ती शोषून घेतो. पिलांस वरपर्यंत जाणें सोपें पडावें, म्हणूनही पाणी उथळ बरें.

पिलांस पहिलें खाणें म्हणजे आर्टेमिया नांवाच्या खाऱ्या पाण्यांतील किड्याचीं नुकतीं फुटलेलीं पिलें. याचीं वाळलेलीं अंडीं डब्यांत मिळतात. मिठाच्या पाण्यांत हवा सोडून ठेवल्यास एक दिवसानें फुटतात. घरचें खाणें हवें असल्यास पाण्यांतील पिसवा वाढवाव्या. सिमेंटच्या टांकींत जुनें शेणखत भिजवून पाणी हिरवें होऊं द्यावें व त्यांत पिसवांचें विरजण सोडावें. आठ-दहा दिवसांत त्या भराभर वाढतात. त्या टांकीवर जाळी घालावी, नाहींतर डास अंडीं घालतील व शेजाऱ्यांस उपद्रव होईल.

रोगाविषयीं एकच सांगतों. या माशांस खवलें नसल्यामुळें तांब्याचीं किंवा हिरव्या रंगाचीं औषधें त्यांस फार बाधतात. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या अर्ध्यानें आरंभ करावा; आणि औषधापूर्वीं पाणी बदलून पाहावें, कारण निम्मे रोग घाण पाण्याचेच असतात. नवा मासा आणल्यावर दोन आठवडे निराळ्या टांकींत ठेवल्यावांचून जुन्यांत मिसळूं नये.

नोंदवही व विक्री

प्रत्येक टांकीस क्रमांक द्यावा व तिच्या नांवानें वहींत एक पान ठेवावें. पाणी केव्हां बदललें, उष्णता किती, अंडीं किती पडलीं, पिलें किती जगलीं, विकलीं किती, हें पीकपाहणीप्रमाणें दर आठवड्यास भरावें. वीज, खाद्य व आपली मजुरी खर्चांत धरावी. स्वतःची मजुरी न धरतां नफा काढणें ही शेतकऱ्यांची जुनी खोड आहे. ती येथें तरी नको.

बाजार आपल्याला दूर नाहीं. मुंबईंत महात्मा फुले मंडई, म्हणजे जुनें क्रॉफर्ड मार्केट, येथें शोभेच्या माशांची जुनी पेठ आहे. टिटवाळ्याहून लोकल गाडीनें बोरीबंदरास उतरून पायीं जातां येतें. पहिल्यानें दहा-वीस पिशव्या घेऊन भाव विचारावा व मगच टांक्या वाढवाव्या. विक्रीच्या आदल्या दिवशीं माशांस उपाशी ठेवावें. पिशवींत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायु भरावा. यांच्या परांचे कांटे जाळ्यांत अडकतात, म्हणून जाळ्याऐवजीं पेल्यानें धरावे.

शिक्षणाकरितां वर्सोवा येथें 1961 सालीं स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. केंद्र सरकारच्या 2020 सालच्या मत्स्यसंपदा योजनेंत परसांतील शोभिवंत मत्स्यपालनास अर्थसाहाय्याची तरतूद केलेली होती. चालू वर्षीं काय मिळतें याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांत स्वतः जाऊन करावी. दलालाच्या सांगण्यावर विसंबूं नये.

परदेशी मांगूर व सकर : एक गंभीर सूचना

आतां त्या दुसऱ्या उत्तराविषयीं. आफ्रिकेंतला मोठा मांगूर, ज्यास बाजारांत थाई मांगूर म्हणतात, तो 1990 नंतरच्या दशकांत परवानगीवांचून आपल्या देशांत आला. तो सडक्या मांसावर वाढतो, घाण पाण्यांत जगतो, व तीन फुटांहून लांब होतो. त्यामुळें कत्तलखान्याचे टाकाऊ अवयव घालून तो वाढविण्याचा धंदा फोफावला. आसपासच्या विहिरींचें पाणी नासलें, व तलावांतून निसटलेल्या मांगुरानें देशी मासे खाल्ले. केंद्र सरकारनें 2000 सालीं त्याच्या पालनावर बंदी घातली. 2019 च्या आरंभीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें असलेला साठा नष्ट करण्याविषयीं आज्ञा केली. त्यानंतर महाराष्ट्रांतही तो जप्त करून पुरण्यांत आला. असा तलाव करणाराचें भांडवल एका पंचनाम्यानें मातींत जातें, आणि गांवाचें नुकसान त्याहून मोठें असतें.

आमच्या भागांत हा धोका दुप्पट आहे. 26 जुलै 2005 चा पूर वाचकांच्या स्मरणांत असेलच. 27 जुलै 2019 रोजीं उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांमध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. काळू ही त्याच उल्हासेस मिळते. असा पूर आल्यावर नदीकांठच्या कोणत्या तलावाचा बांध टिकतो? एका रात्रींत सर्व मांगूर नदींत, आणि वलगणीबरोबर तेथून आपल्याच खाचरांत! आपला मागूर दीड फुटापलीकडे क्वचित् जातो. तो या राक्षसापुढें कसा तगावा?

सकराची गोष्टही तशीच. हौशी माणूस दोन इंचांचा सकर कांच साफ करण्यास आणतो. दोन वर्षांत तो फूटभर होतो. मग कोणी कंटाळून, तर कोणी जीवदानाचें पुण्य म्हणून, तो तळ्यांत सोडतो. कलकत्त्याच्या पूर्वेकडील पाणथळींत, आंध्रांत व केरळांत हा मासा असाच पसरला आहे. तो कांठांत बिळें करतो, जाळीं फाडतो, व त्याच्या टणक अंगामुळें त्यास खाणारेंही कोणी मिळत नाहीं. ज्या शेतकऱ्यानें खेंकड्यांनीं पोखरलेले बांध दुरुस्त केले आहेत त्यास बिळें करणाऱ्या माशाचा अर्थ अधिक सांगावयास नको. टिटवाळ्याच्या महागणपतीच्या मंदिराजवळील तलाव असो वा गांवचें तळें असो, टांकींतला कोणताही मासा, मग तो कितीही निरुपद्रवी वाटो, तेथें सोडूं नये. नको झाला तर दुकानदारास किंवा दुसऱ्या पाळणारास द्यावा. आपल्या शेडचें सांडपाणी देखील ओहोळांत न सोडतां परसांतल्या भाजीपाल्यास द्यावें; त्यांत नत्र असतें, भाजी चांगली येते, आणि चुकून गेलेलें अंडें मातींत संपतें. शेड पूररेषेच्या वर बांधावी हें तर ओघानेंच आलें.

वलगणीच्या मासेमारीविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. गाबोळीनें भरलेली मादी खाचरांत पोंचण्यापूर्वींच ओहोळाच्या तोंडाशीं पाग व सापळे लावून सगळ्या धरल्या, तर पुढील वर्षीं वर चढावयास उरणार कोण? पूर्वीं नदी मोठी, माणसें थोडीं व खाचरें विस्तीर्ण होतीं. तेव्हां खाऊनही उरत असे. आतां खाचरें इमारतींखालीं गेलीं व ओहोळ नळांत कोंडले. ज्यांच्याकडे अद्यापि नदीला जोडलेलें खाचर आहे त्यांनीं पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चढणीस वाट मोकळी ठेवावी, व पिलें मोठीं होईतों त्या खाचरांत कीटकनाशक फवारूं नये. यास पैसा पडत नाहीं.

एकंदरींत तात्पर्य असें कीं, दोन टांक्या, एक पंप, पावसाचें एक पिंप व एक नोंदवही एवढ्या भांडवलावर या कामाचा आरंभ होतो. पहिल्या वर्षीं पैशाची आशा न धरतां पिलें जगविण्याची विद्या हस्तगत करावी. दुसऱ्या वर्षीं बाजार पाहावा. तिसऱ्या वर्षीं हिशेब जमल्यास शेड वाढवावी. घरांतील मुलांस या कामीं अवश्य घ्यावें. ज्या मुलानें नदी दुरूनच पाहिली आहे त्यास पहिला पाऊस व माशाचें अंडें यांचा संबंध कांचेतून डोळ्यांनीं दिसेल, आणि बाहेरच्या ओहोळांत चढणाऱ्या माशास वाट कां द्यावयाची, हें त्यास निराळें शिकवावें लागणार नाहीं.